विषय सोडून

"आधी दाराला कडी घाल," आई म्हणाली.

मी कडी घातली आणि अठ्ठेचाळीस वह्यांचा गठ्ठा उचलून मागच्या सोप्यात नेला. जानेवारीतला रविवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. अण्णा खाटेवर उताणे पडले होते. मी जमिनीवर मांडी घालून बसले, लाल पेनाचं टोपण काढलं आणि पहिली वही उघडली.

"आज पत्रं ना?" अण्णांनी विचारलं.

"हो. काकांना पत्र. बाबा सहलीला पाठवत नाहीत, त्यांची समजूत घाला."

"मायना बघ, पत्ता बघ, तारीख बघ. बोर्डात अर्धा-अर्धा मार्क त्याचाच जातो."

अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत मगदूम सर. आमच्या गावातल्या हायस्कूलमध्ये तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. मी दहावीत, त्यांच्याच वर्गात. आणि गेल्या दिवाळीपासून माझ्याच वर्गाच्या वह्या मी तपासत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येणार नाही. अण्णांना तेव्हा समोरचं थोडंसं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. अक्षर मात्र लागायचं नाही. निवृत्तीला दीड वर्ष होतं. परतीच्या एसटीत आईनं मला खिडकीकडे सरकवलं आणि कानाशी सांगितलं, "हे कुणाला कळता कामा नये. आपण तिघंच."

आणि कुणाला कळलं नाही. अण्णांना धडे पाठ होते. वर्गात ते पुस्तक उघडं धरायचे, बरोबर जागेवर पान उलटायचे. फळ्यावरच्या ओळी तिरक्या जायच्या, पण त्यांचं वय झालंय असं मुलं समजायची. राहिल्या वह्या. सुरुवातीला मी प्रत्येक वही वाचून दाखवायचे आणि ते सांगतील तशी खूण करायचे. तशानं एक गठ्ठा संपायला तीन दिवस लागायचे. मग ते म्हणाले, "तूच बघत जा. तुला येतंय सगळं. काही वेगळं दिसलं तरच वाचून दाखव." त्यांची सही मी आठवडाभरात शिकले. अक्षरही त्यांच्यासारखं काढायला लागले, उजवीकडे झुकलेलं, टोकदार.

त्या दुपारी पस्तिसेक वह्या झाल्यावर शालन कोळेकरची वही आली.

शालन हिवरवाडीची. सहा किलोमीटर चालत यायची, तिच्या चुलतभावाबरोबर. तानाजी आमच्याच वर्गात मुलांच्या शेवटच्या बाकावर बसायचा. शालन कुणाशी फार बोलायची नाही. पण अण्णांचा तिच्यावर जीव होता. "शालनचं वाक्य चुकतं," ते भर वर्गात म्हणायचे, "पण ते तिचं स्वतःचं असतं. तुम्ही बाकीचे गाइडातलं ओकता." हे म्हणताना त्यांचा चेहरा माझ्या बाकाकडे असायचा. निदान मला तरी तसं वाटायचं. वर्गात पहिला नंबर माझा होता. घरी त्यांच्या वह्या मी तपासत होते. आणि कौतुक शालनचं.

तिची वही मी उघडली. उजव्या कोपऱ्यात पत्ता होता, हिवरवाडीचाच. इतरांनी गाइडातला पुण्याचा किंवा मुंबईचा पत्ता टाकला होता. खाली 'डिअर अंकल' हवं होतं, तिथे 'रिस्पेक्टेड सर' लिहिलेलं. मी ते खोडलं आणि वर 'डिअर अंकल' लिहिलं.

पुढचं पत्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर असं:

'माझ्या वडिलांनी माझं लग्न ठरवलं. तेरा फेब्रुवारीला आहे. मी परीक्षेला बसणार नाही असं ते म्हणतात. मला परीक्षा द्यायची आहे. मागच्या वर्षी सावंतांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही तिच्या घरी गेलात, तिच्या वडिलांनी तुमचं ऐकलं. माझ्या घरी या. मी शाळेत तोंडानं बोलले तर तानाजी घरी सांगेल, मग उद्यापासून शाळा बंद होईल. म्हणून वहीत लिहिते. आमच्या घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्हीच वाचाल.'

खाली 'युवर्स ओबीडियंटली, शालन' आणि त्याच्याखाली रेघ.

मी ते दोनदा वाचलं. वाचताना पेन चालूच होतं. 'माय फादर फिक्स माय मॅरेज' असं तिनं लिहिलं होतं. मी 'फिक्स' खोडून 'हॅज फिक्स्ड' केलं.

"कुणाची वही?" अण्णांनी खाटेवरून विचारलं. माझं पान उलटणं थांबलेलं त्यांना ऐकू आलं असणार.

"शालनची."

ते कोपरावर उठून बसले. "काय लिहिलंय?"

स्वयंपाकघरात आई शेंगदाणे कुटत होती. तो आवाज बंद झाला.

"काही विशेष नाही," मी म्हणाले. "विषय सोडून लिहिलंय."

"असं? तिचं तसं होत नाही कधी." ते पुन्हा आडवे झाले. "शेरा लिही तसा. पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर आलीय, आता लाड नकोत."

मी लाल शाईत लिहिलं: 'विषय सोडून लिहिले आहे. पुन्हा लिहा.' पाचपैकी दीड मार्क दिले. खाली अण्णांची सही केली.

मंगळवारी चौथ्या तासाला वह्या परत दिल्या. शालनचा बाक माझ्या पुढे, एक ओळ सोडून. तिनं वही लगेच उघडली नाही. आधी मागे वळून तानाजीकडे पाहिलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मग तिनं वही मांडीवर घेतली आणि बाकाच्या आडोशानं उघडली.

मला तिची पाठ दिसत होती आणि वेणीची लाल रिबन. बराच वेळ ती हललीच नाही. अण्णा पुढचा प्रश्न समजावत होते, पॅसिव्ह व्हॉइस. ती उठली आणि सरळ टेबलाशी गेली. तास चालू असताना असं कुणी जात नसे.

"सर," ती हळू म्हणाली, "तुम्ही माझं पत्र वाचलं का?"

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान केली. "कोण, शालन? वाचलं की. विषय सोडून लिहायचं नाही, बाळ. मनात कितीही आलं तरी. पेपर तपासणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं, तो मार्क कापतो."

ती तिथेच उभी राहिली. मला वाटलं, आता ती बोलेल, सगळ्या वर्गासमोर. पण मागच्या बाकावरून तानाजी बघत होता.

"पुन्हा लिहून आणीन, सर," ती म्हणाली.

"शाब्बास. शुक्रवारपर्यंत आण."

शुक्रवारी तिनं वही दिली. रविवारी ती वही माझ्यासमोर आली. वर पुण्याचा पत्ता, सदाशिव पेठ. डिअर अंकल. शाळेची सहल पन्हाळ्याला जाणार आहे, सोबत शिक्षक आहेत, जेवणाची सोय आहे, कृपया बाबांची समजूत घालावी. गाइडातलं पत्र शब्द न् शब्द उतरवलेलं. एकही चूक नव्हती. मी पाचपैकी साडेचार दिले.

तेव्हाही वेळ होती. आधीचं पान तिनं फाडलं नव्हतं, वही माझ्या हातात होती, अण्णा चार हातांवर होते. मी वही मिटली आणि गठ्ठ्यात खाली सारली.

पूर्वपरीक्षा झाली. शालन सगळ्या पेपरांना बसली. एक फेब्रुवारीपासून दहावीला अभ्यासासाठी सुट्टी लागली. तेरा तारखेला मी सोप्यात बसून भूमितीची प्रमेयं पाठ करत होते. सकाळपासून ती तारीख माझ्या डोक्यात होती. दुपारी आईनं विचारलं, "जेवली का नाहीस नीट?" मी म्हणाले, परीक्षेची धास्ती वाटते.

फेब्रुवारीच्या शेवटी हॉल तिकिटं वाटायला सगळ्यांना शाळेत बोलावलं. नावं मी वाचत होते, अण्णांनीच सांगितलं होतं मला. कोळेकर शालनचं तिकीट टेबलावर राहिलं.

"आली नाही?" अण्णांनी विचारलं. "तानाजी, ती आजारीबिजारी आहे का?"

"न्हाई सर." तानाजी उभा राहिला. "तिचं लगीन झालं की. तेराला. सांगोल्याकडं दिली."

मुलं हसली. अण्णा हसले नाहीत. ते टेबलाचा काठ धरून उभे होते. "आणि परीक्षा?"

"आता कशाची परीक्षा, सर?"

अण्णांनी हात पुढे केला. शालनचं हॉल तिकीट मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, खिशात ठेवलं आणि बाकीची नावं वाचायला सांगितली.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. "मी गेलो असतो," ते आईला म्हणाले. "सावंताच्या दारात चार तास बसलो होतो की नाही मागच्या वर्षी? त्यानं शेवटी ऐकलंच ना? हिच्या बापाशी बोललो असतो. निदान मार्चपर्यंत थांब म्हणालो असतो, एवढं तरी ऐकलं असतं त्यानं. पण तिनं मला सांगायला तर हवं होतं."

आई म्हणाली, "पोरीची जात. कसं सांगणार?"

"ती माझ्याशी बोलायची. तिनं मला का सांगितलं नाही?"

मी भिंतीला टेकून बसले होते. माझ्यासमोर इंग्रजीचा अपेक्षित प्रश्नसंच उघडा होता.

बोर्डाच्या परीक्षेत शेजारच्या रांगेत तिसरा बाक सगळ्याच पेपरांना रिकामा राहिला. पर्यवेक्षक रोज त्यावर उत्तरपत्रिका ठेवायचे आणि अर्ध्या तासानं उचलून न्यायचे. मला इंग्रजीत शंभरपैकी सत्त्याऐंशी मिळाले. तालुक्यात पहिली आले. हेडमास्तरांनी अण्णांना पेढा भरवला.

पुढच्या वर्षी अण्णा सन्मानानं निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. ते धडपडू नयेत म्हणून मी शेजारी उभी होते. लोकांना वाटलं, लेकीची माया. वर्षभरात त्यांची नजर पूर्ण गेली. मी पुढे बी.ए. केलं, बी.एड. केलं आणि त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. लग्नही गावातच झालं, माहेरपासून दोन गल्ल्यांवर. रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी अण्णांकडे जायचे आणि त्यांना पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. दिवसभर ते त्या तासाची वाट बघत.

अधूनमधून, दहावीच्या परीक्षा आल्या की, ते म्हणायचे, "त्या कोळेकरच्या पोरीनं मला का सांगितलं नसेल?" मी पान उलटायचे.

अशी बारा वर्षं गेली.

एप्रिल महिन्यातली एक संध्याकाळ. मी अग्रलेख वाचत होते. दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी. "मगदूम सर हितंच राहत्यात का?"

आवाजावरून अण्णांनी आधी ओळखलं. "शालन?"

मी खुर्ची सोडून उठले. ती आत आली. चेहरा रापला होता, गालाची हाडं वर आली होती. डोळे तेच होते. भावाच्या लग्नाला हिवरवाडीत आली होती, उद्या परत जाणार होती. ती अण्णांच्या समोर उभी राहिली, पण पाया पडली नाही. तिचा चेहरा घट्ट होता, काहीतरी ठरवून आल्यासारखा.

"सर, मला तुमास्नी एक इचारायचं हाय," ती म्हणाली.

"बस आधी. बस इथं." अण्णांनी हात पुढे केला, तिच्या दिशेनं, पण जरा बाजूला. हात हवेतच चाचपडला. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग त्यांच्या डोळ्यांकडे.

"सर, तुमास्नी दिसत न्हाई?"

"दहा वर्षं झाली पूर्ण जाऊन. पण तुमच्या वर्गाला शिकवत होतो तेव्हाच दिसत नव्हतं मला, शालन. आता सांगायला काय हरकत आहे? तुमच्या वह्यासुद्धा ही पद्मा तपासायची." अण्णा हसले. "कुणाला पत्ता लागू दिला नाही आम्ही."

शालननं माझ्याकडे पाहिलं.

मी नजर चुकवली नाही. ते एवढं एकच मी त्या दिवशी नीट केलं. ती बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते घट्ट धरलेलं सावकाश सुटत गेलं. त्याच्या जागी जे आलं त्याला मी राग म्हणू शकत नाही. रागाची मी तयारी केली असती.

"आता मीच तुला विचारतो," अण्णा म्हणाले. "बारा वर्षं मनात आहे माझ्या. लग्न ठरलं तेव्हा मला का सांगितलं नाहीस? मी आलो असतो गं तुझ्या घरी. आंधळा असलो तरी आलो असतो."

तिच्या मुलीनं तिचा पदर ओढला.

"धीर झाला न्हाई, सर," शालन म्हणाली.

आणि मग ती वाकली आणि अण्णांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

आईनं चहा केला. शालननं बशीतून घेतला, मुलीला बिस्कीट दिलं. मुलगी पाचवीत होती. सांगोल्याकडे शेतात काम, नवरा बरा आहे, सासू तीन वर्षांपूर्वी वारली. अण्णा विचारत होते, ती सांगत होती. मग उठली. मी तिला पोचवायला फाटकापर्यंत गेले.

"अक्षर सरांचंच वाटलं मला," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "बारा वरसं मी त्यांना शिव्या दिल्या. म्हनलं, मानसानं समदं वाचलं आन् वर मार्क कापलं. आज तेच इचारायला आलती. का असं केलं म्हनून."

"शालन..."

"तू का केलंस?"

"अण्णा तुझ्या घरी गेले असते तर त्यांना दिसत नाही हे सगळ्यांना कळलं असतं. नोकरी गेली असती."

"किती ऱ्हायली हुती नोकरी?"

"दीड वर्ष."

"दीड वरीस," ती म्हणाली.

ते कारण खोटं नव्हतं. पण अण्णा कोपरावर उठून 'काय लिहिलंय' म्हणाले तेव्हा माझ्या मनात नोकरी नव्हती. माझ्या वहीबद्दल ते कधी तसं उठून विचारायचे नाहीत, एवढंच होतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिनंही आणखी विचारलं नाही. मुलीचा हात धरून ती स्टँडच्या रस्त्याला लागली.

मी परत आले. अण्णा खुश होते. "बघ, धीर झाला नाही म्हणाली. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. नुसता धीर झाला नाही." ते आईला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. "मला उगीच लागून राहिलं होतं."

मी गप्प राहू शकले असते. शालननं त्यांना जे दिलं होतं ते त्यांच्याजवळ राहिलं असतं. पण तिच्या पाठमोऱ्या चालण्यात असं काहीतरी होतं की मला आता गप्प बसवेना.

"अण्णा, तिनं सांगितलं होतं," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पत्र मला पाठ होतं. मोडक्या इंग्रजीत, तिच्या चुकांसकट, मी ते म्हणून दाखवलं. कुठला शब्द खोडला तेही सांगितलं. शेरा सांगितला. दीड मार्क सांगितले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अण्णांनी मला मधे थांबवलं नाही. मी संपवलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "ती टेबलाशी आली होती. मला म्हणाली, वाचलं का. मी म्हणालो, वाचलं."

"हो."

"एसटी किती वाजताची आहे तिची?"

"हिवरवाडीची साडेसहाला होती. गेली."

ते उठले. काठी न घेता, भिंत धरत आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी नेहमीच्या वेळेला गेले. अण्णा खुर्चीत बसले होते. आई त्यांच्या पायाशी जमिनीवर, चष्मा लावून, पेपर मांडीवर पसरून. आई चौथी शिकलेली. एकेक अक्षर बोटानं धरत ती वाचत होती, "म... हा... रा..." जोडाक्षराला अडखळत होती. मी म्हणाले, "आई, दे इकडे." आईनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "वाच तू, सावकाश. मला घाई नाही."

त्यानंतर ते चार वर्षं जगले. माझ्याशी बोलायचे, माझ्या मुलाला मांडीवर घ्यायचे, शाळेत आज काय शिकवलंस म्हणून विचारायचे. रागाचा एक शब्द कधी बोलले नाहीत. पण पेपर, पत्र, औषधाची चिठ्ठी, काहीही वाचायचं असलं की आईला हाक मारायचे. मी तिथेच असायचे. आई वाचायची, आणि ती अडली की आम्ही तिघंही ते अक्षर लागेपर्यंत थांबायचो.